गारगोटीचा रंग : तापी-नर्मदेच्या खोऱ्यातील एका दगडाचा इतिहास

मराठीत ‘गार’ हा शब्द विशेषण म्हणून थंडपणा सांगतो. नाम म्हणून तो वळवाच्या पावसात पडणाऱ्या बर्फाच्या खड्याला लागतो, आणि शेताच्या बांधावर, ओढ्याच्या पात्रात सापडणाऱ्या पांढऱ्या कठीण दगडालाही लागतो. त्या दगडाचा मुठीत मावणारा तुकडा म्हणजे गारगोटी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी याने स्फटिक म्हणजे पराकाष्ठेच्या थंडीने गोठलेला बर्फच होय असे लिहून ठेवले. ग्रीकांनी तर बर्फाचाच शब्द स्फटिकाला दिला होता. प्लिनीचे म्हणणे पुढे शास्त्राने खोडून काढले. मराठी शब्दाला मात्र कोणी खोडून काढले नाही, कारण त्याने काही सिद्धान्त मांडलाच नव्हता. डोळ्यांना जे सारखे दिसले आणि हाताला जे सारखे लागले त्याला त्याने एक नाव दिले, एवढेच.

साहित्याच्या विद्यार्थ्याला स्फटिक भेटतो तो बहुधा उपमान म्हणून. जास्वंदीचे फूल जवळ ठेवले की शुभ्र स्फटिक लाल दिसू लागतो. फूल दूर केले की तो पुन्हा होता तसा होतो. सांख्य आणि वेदान्त या दोन्ही परंपरांनी हा दृष्टान्त इतका वापरला की तो घासून गुळगुळीत झाला. योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्ताला निर्मळ मण्याची उपमा दिली आहे, तीही याच कुळातली. या सर्व दृष्टान्तांचा पाया असा की स्फटिकाला स्वतःचा रंग नसतो; जो दिसतो तो शेजाऱ्याचा. वर्गात हा दृष्टान्त शिकवताना आपण एक गोष्ट सहसा सांगत नाही : रंग स्वतःच्या आतच बाळगणारे स्फटिकही असतात. त्यांतल्या एकाचा रंग धुरासारखा करडा-तपकिरी असतो आणि विस्तवात घातल्यावर तो उडून जातो. त्याच कुळातल्या दुसऱ्या दगडाचा रंग विस्तवात घातल्यावरच खुलतो, लाल होतो. पहिला धुरकट स्फटिक, दुसरा अकीक. या दोन रंगांच्या आधाराने नंदुरबार जिल्हा आणि त्याला लागून असलेला सातपुड्याचा पश्चिम टोकाकडचा मुलूख यांचा एक लहानसा इतिहास वाचता येतो का, हे प्रस्तुत लेखात पाहायचे आहे.

प्रथम भूमीविषयी. नंदुरबार हा जिल्हा म्हणून अगदी अलीकडचा. १ जुलै १९९८ रोजी तो धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. पण त्याच्या पायाखालचा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. दख्खनचे पठार ज्या लाव्हाच्या थरांनी बनले, तो लाव्हा भेगांतून वर आला, आणि त्यांतल्या कित्येक भेगा येथे आजही उघड्यावर दिसतात. भेगेत थिजलेला लाव्हा भोवतालच्या खडकापेक्षा चिवट ठरला. भोवतालचा खडक झिजून गेला आणि हा भिंतीसारखा उभा राहिला. भूशास्त्रज्ञ या रचनेला ‘डाइक’ म्हणतात. नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा दोनशेहून अधिक भिंतींची नोंद झालेली असून त्यांतली सर्वांत लांब सुमारे ७९ किलोमीटर भरते. बहुतेक सर्व पूर्व-पश्चिम धावतात, जणू तापी आणि नर्मदा यांना दिशा कोणती हे आधीच ठरवून दिले असावे.

लाव्हा थंड होताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपाने अडकतो आणि खडकात पोकळ्या राहतात. पुढे लाखो वर्षे त्या पोकळ्यांतून पाणी झिरपते. खडकातली सिलिका त्या पाण्यात थोडी थोडी विरघळते आणि पाणी निवले की पोकळीच्या भिंतीवर थर धरते. थर अतिसूक्ष्म कणांचा असेल तर तो मेणासारखा अर्धपारदर्शक दिसतो. हाच कॅल्सेडनी, आणि त्यात पट्टे पडले तर तो अकीक. पोकळीत जागा उरली आणि वाढ संथ झाली, तर आतल्या बाजूस सहा पैलूंचे टोकदार स्फटिक उगवतात. बाहेरून ओबडधोबड दिसणारा गोटा फोडल्यावर आत लखलखणारी गुहा निघते, ती अशी. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात दख्खनच्या खडकातले हे वैभव एका छपराखाली पाहायला मिळते. ज्यांना खनिजशास्त्रात रस नाही त्यांनीही ते एकदा पाहावे.

स्फटिक काय, अकीक काय, चकमक काय, रासायनिक दृष्ट्या सर्व एकच : सिलिकॉनच्या एका अणूमागे प्राणवायूचे दोन. काठिण्यमापनाच्या दहा पायऱ्यांत या कुळाचे स्थान सातवे. काच आणि साधे पोलाद यांच्यावर ते ओरखडा काढते. स्वतः ओरखडा घेते तो पुष्कराज, कुरुंद आणि हिरा यांचाच. पाण्याच्या २.६५ पट जड. फोडल्यास सरळ फुटत नाही, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी वळणदार धार निघते. अश्मयुगातल्या माणसाने सुरी म्हणून नेमका याच कुळातला दगड का निवडला याचे उत्तर त्या धारेत आहे. पोलादावर आपटला तर ठिणगी पडते. आगपेटी येईपर्यंत घरोघरीचा विस्तव चकमक आणि पोलाद यांच्यावर अवलंबून होता. आज दोन सैन्यांच्या तुकड्यांत ‘चकमक झडते’ तेव्हा वर्तमानपत्राच्या वाचकाला तो दगड आठवत नाही, इतका हा शब्द आपल्या अर्थापासून दूर निघून गेला आहे. आणखी एक गुण पुढे लागणार आहे म्हणून येथेच नोंदवतो : या कुळातला दगड धुरकट असो, जांभळा असो वा पिवळा, त्याची पूड पांढरीच होते.

आता धुराविषयी. धुरकट स्फटिकात धूर नसतो, काजळी नसते, एखादे काळे द्रव्यही मिसळलेले नसते. स्फटिक वाढत असताना सिलिकॉनच्या काही मोजक्या जागी ॲल्युमिनियमचे अणू जाऊन बसतात. तेवढ्याने रंग येत नाही. असा स्फटिक पारदर्शकच दिसतो. पण भोवतालच्या खडकात युरेनियम, थोरियम किंवा पोटॅशियम यांचा किरणोत्सारी अंश असेल तर त्याचे अदृश्य किरण स्फटिकातून सतत जात राहतात. त्यांच्या आघाताने ॲल्युमिनियमशेजारच्या प्राणवायूच्या अणूमधला एखादा इलेक्ट्रॉन जागचा हलतो आणि त्याची जागा रिकामी पडते. ही रिकामी जागा प्रकाशाचा काही भाग शोषून घेते आणि स्फटिक करडा दिसू लागतो. म्हणजे हा रंग कशाच्या असण्याचा नाही, नसण्याचा आहे. अशा रिकाम्या जागा साचायला फार मोठा काळ लागतो. आणि तीन-चारशे अंश सेल्सियसपर्यंत तापवले की हललेले इलेक्ट्रॉन आपल्या ठिकाणी परततात, रंग नाहीसा होतो. धुरकट स्फटिक हातात आला तर निदान एवढे खात्रीने म्हणता येते की रंग चढल्यापासून याने विस्तव पाहिलेला नाही.

दख्खनच्या काळ्या खडकात तो विरळा का, याचे उत्तरही यातच आहे. बेसॉल्टमध्ये किरणोत्सारी मूलद्रव्यांचे प्रमाण ग्रॅनाइटच्या मानाने फारच अल्प असते. त्यामुळे नंदुरबारच्या पोकळ्यांत मिळतो तो स्फटिक बहुधा पांढरा, क्वचित लोहामुळे फिकट जांभळा. धुरकट स्फटिकाची खरी घरे ग्रॅनाइटच्या डोंगरांत : आल्प्समध्ये, ब्राझीलमध्ये, स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म पर्वतात. स्कॉटिश डोंगराळ लोकांच्या पोशाखातल्या पदकांवर आणि खंजिरांच्या मुठींवर हाच खडा जडवलेला असतो आणि पर्वताचेच नाव त्याला मिळाले आहे. स्वित्झर्लंडमध्ये १८६८ साली टीफेन हिमनदीजवळच्या एका कपारीत माणसाहून जड असे काळेभोर स्फटिक सापडले. त्यांतले काही बर्नच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहेत. चीनमध्ये त्याला चहाच्या रंगावरून नाव मिळाले आणि त्याची भिंगे कापून चष्मे बनवले गेले. आजच्या बाजारात या नावाने जे खडे विकले जातात त्यांतल्या पुष्कळांचा धूर मात्र कारखान्यात चढवलेला असतो. पारदर्शक स्फटिकावर किरणांचा मारा केला की डोंगराचे लाखो वर्षांचे काम अल्पावधीत उरकते. ते खोटे खडे नव्हेत. त्यांना इतिहास नाही, एवढेच.

आपल्या रत्नशास्त्राने या धुरकट जातीची दखल घेतली होती का? बुद्धभट्टाची ‘रत्नपरीक्षा’ आणि गरुडपुराणातले रत्नांविषयीचे अध्याय यांत एक कथा येते. बल नावाच्या असुराचे शरीर यज्ञात बळी पडले आणि त्याच्या अवयवांपासून निरनिराळी रत्ने झाली. त्याचे मेद नांगरधारी बलरामाने कावेर, विंध्य, यवन, चीन आणि नेपाळ या भूमींत विखुरले. त्याचा स्फटिक झाला. हा स्फटिक आकाशासारखा स्वच्छ, कमळाच्या देठासारखा वा शंखासारखा पांढरा असतो असे सांगून ग्रंथकार शेवटी जाता जाता म्हणतो की कधी त्यात वेगळ्या वर्णाची किंचित छटा असते. धुरकट स्फटिकाला जागा मिळाली असेल तर ती या ‘किंचित’मध्ये. शास्त्रकाराला शुभ्रता हवी होती. छटा हा त्याच्या लेखी उणेपणा. दृष्टान्त सांगणाऱ्या तत्त्वज्ञाला तर छटेची अडचणच व्हावी, कारण जास्वंदीवाचून रंगलेला स्फटिक त्याचा सगळा युक्तिवाद बिघडवील.

याच कथेत दुसरा एक दगड आहे आणि तो आपल्या प्रदेशाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. त्या असुराची कांती अग्नीने उचलली आणि नर्मदेत टाकली. त्यापासून रक्तासारख्या नावाचा एक मणी उत्पन्न झाला. भारतीय रत्नग्रंथांचे संपादन करणारा फ्रेंच पंडित लुई फिनो याने १८९६ साली हा मणी म्हणजे लाल अकीक, कार्नेलियन, असे ठरवले. पुराणकथेतल्या दोन तपशिलांकडे लक्ष द्यावे : नर्मदा आणि अग्नी. ज्या कोणी ही कथा प्रथम रचली त्याला हा लाल दगड नर्मदेकाठी मिळतो आणि त्याचा विस्तवाशी काही संबंध आहे, या दोन्ही गोष्टी ठाऊक असाव्यात असे मानायला जागा आहे. कारण त्या दोन्ही खऱ्या आहेत.

सातपुड्याची रांग नंदुरबारच्या अक्कलकुवा तालुक्यातून पश्चिमेला गुजरातेत उतरते, तेव्हा तिला राजपीपलाचे डोंगर म्हणतात. या डोंगरांच्या टोकाशी, भडोच जिल्ह्याच्या झगडिया तालुक्यात, रतनपूर नावाचे गाव आहे. लाव्हाच्या पोकळ्यांतले अकीकाचे गोटे झिजेने मोकळे झाले, ओढ्यानाल्यांनी वाहून नेले आणि पुढच्या काळातल्या दगडगोट्यांच्या थरांत येथे साचले. जमिनीतून निघतो तेव्हा हा दगड लाल नसतो. दुधाळ, करडा किंवा पिवळट असतो. त्यात लोहाचा अंश असतो. उन्हात वाळवून मातीच्या मडक्यांत घालून शेणाच्या मंद विस्तवात तो भाजला की लोहाचे रूप बदलते आणि दगड लाल होतो. विस्तव जास्त झाला तर तडकतो. किती ऊन, किती आच, हे सगळे कारागिराच्या हातात. धुरकट स्फटिकाच्या बाबतीत जो विस्तव आठवण पुसून टाकतो, तोच येथे रंग लिहितो.

भाजलेल्या दगडाची विद्या किती जुनी? मेसोपोटेमियातल्या ऊर येथील राजघराण्याच्या थडग्यांत, इसवी सनापूर्वी सुमारे २५०० च्या सुमारास, सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनी घडवलेले लांब लाल मणी पुरलेले होते. लिओनार्ड वुली याने ती थडगी १९२०-३० च्या दशकांत उकरली. अशा एका लांब मण्याला भोक पाडायला कित्येक दिवस लागत, असे केनॉयर, विदाले आणि कुलदीप भान यांनी खंबायतच्या आजच्या मणेरींबरोबर केलेल्या अभ्यासातून दिसून आले. त्या मण्यांसाठी लागणाऱ्या दगडाचा एक प्रमुख साठा म्हणून गुजरातकडे बोट दाखवले जाते, आणि गुजरातेत रतनपूरचे नाव अग्रभागी येते.

नंदुरबार जिल्ह्यापुरते बोलायचे तर साक्षीदार आहे प्रकाशा. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे, शहादे तालुक्यातले हे गाव यात्रेकरूंना दक्षिण काशी म्हणून माहीत आहे. १९५४-५५ साली बी. के. थापर यांनी येथील पांढरीचे उत्खनन केले. सर्वांत खालचा थर ताम्रपाषाणयुगाचा, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. त्यावर लोखंड वापरणाऱ्यांची वस्ती, त्यावर सातवाहन आणि त्यानंतरचा काळ, आणि वर मध्ययुगाचा आरंभ. थापरांचा विस्तृत अहवाल ‘एन्शन्ट इंडिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मराठी विभागातल्या आपल्या विद्यार्थ्यांना अशा अहवालांची ओळख क्वचितच होते ही खंत आहे. खानदेशाविषयी इतक्या बारकाईने लिहिलेले गद्य फारसे नाही. रंगीत खापरांबरोबर येथे गारगोटीच्या कुळातल्या दगडांची लहान लहान पाती मिळाली आणि मौल्यवान म्हणता येणार नाहीत पण सुंदर अशा दगडांचे मणीही मिळाले. तापीच्या पात्रातला गोटा एका घरात विळ्याची धार झाला आणि दुसऱ्या घरात गळ्यातला दागिना. एकाच दगडाचे हे दोन उपयोग एकाच थरात शेजारी शेजारी पडलेले आढळतात, यात मला खापरांवरच्या नक्षीपेक्षा जास्त काही दिसते.

येथे क्षणभर धुरकट स्फटिकाकडे परत वळले पाहिजे, कारण अशा थरांचे वय ठरवण्याच्या एका पद्धतीला त्याचेच तत्त्व लागते. मातीत आणि वाळूत स्फटिकाचे बारीक कण सर्वत्र असतात. भोवतालच्या किरणांनी त्यांच्यातही इलेक्ट्रॉन हलतात, अडकून साचत राहतात. डोळ्यांना रंग दिसण्याइतके नव्हे, पण यंत्राला मोजता येण्याइतके. मडके भट्टीत भाजले की त्याच्या मातीतल्या कणांचा सगळा साठा रिकामा होतो आणि हिशेब शून्यापासून पुन्हा सुरू होतो. वाळूचा कण उन्हात वाहत राहिला तरी तेच घडते. गाडला गेला की साठा पुन्हा भरू लागतो. प्रयोगशाळेत तो कण तापवून किंवा त्याच्यावर प्रकाश टाकून किती साठा बाहेर पडतो हे मोजले, म्हणजे मडके शेवटचे केव्हा भाजले गेले अथवा वाळू शेवटची केव्हा उन्हात होती, याचा अंदाज येतो. इतिहासकाराच्या लेखी गारगोटी ही नुसती वस्तू राहिली नाही, दप्तर झाली. शून्य ते साठा ही तिची लिपी आहे आणि ती खोटे लिहीत नाही.

कागदावरचे दप्तर वेगळे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात भडोच बंदरातून निघणाऱ्या मालाची यादी आहे. उज्जैनहून ऑनिक्स येतो. पैठणहूनही गाड्यांमधून, जिथे धड रस्ते नाहीत अशा मोठ्या मुलखातून, ऑनिक्स फार मोठ्या प्रमाणात येतो, तर तगर म्हणजे तेर येथून कापड येते. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आहे असे ग्रंथकार सांगतो. वाटेवरच्या गावांची नावे तो सांगत नाही. पण पैठणच्या गाडीला तापी ओलांडल्याशिवाय भडोच गाठता येत नाही, आणि प्रकाशा येथील सातवाहनकालीन थर पाहता तापीच्या या काठाला त्या वाहतुकीची वर्दळ अपरिचित नसावी. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीने आपल्या भूगोलात ‘सार्डोनिक्स’ नावाच्या पर्वताची नोंद केली आहे. काही अभ्यासकांनी तो राजपीपलाच्या डोंगराशी जोडला. पर्वताला नाव मिळाले तेही असे, त्याच्या पोटातल्या विकाऊ मालाचे. पुढे मोगलकाळी सुरतहून बऱ्हाणपूरकडे जाणारा हमरस्ता नंदुरबारवरून जाई. १६१० साली विल्यम फिंच हा इंग्रज त्याच रस्त्याने गेला.

सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीजाने खंबायतेच्या आतल्या बाजूस असलेल्या लिमोदरा येथील लाल दगडाचे आणि विस्तवाने त्याचा रंग कसा वाढवतात याचे वर्णन केले. १८१९ साली छापलेल्या मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या निबंधसंग्रहाच्या पहिल्या खंडात जॉन कॉपलंड या डॉक्टराचे रतनपूरच्या खाणींविषयीचे पत्र आहे. दाट रानात सरळ खाली उतरणारी अरुंद विवरे, त्यांत उतरून दगड काढणारे मजूर, आणि वाघाच्या भीतीने दिवस मावळण्याआधी गावाकडे परतण्याची त्यांची रीत त्यात सांगितली आहे. रतनपूरच्या टेकडीवर बावा गोर या सिद्दी संताचा दर्गा आहे. अकीकाच्या धंद्याचा तो आश्रयदाता मानला जातो. आफ्रिकेतून आलेल्या या पीराला भिल्लही नवस बोलतात. खाणकाम करणारे बहुतांशी भिल्लच होते.

या सगळ्या नोंदी एकत्र ठेवल्या म्हणजे एक गोष्ट नजरेत भरते. दगडाला जगात नाव मिळाले ते बंदराचे : भडोचचा ऑनिक्स, खंबायतचा अकीक. ‘अकीक’ हा शब्दही अरबी, म्हणजे गिऱ्हाइकाचा. डोंगर, खाण आणि आच देणारा हात यांची नावे बाजारापर्यंत पोहोचली नाहीत. इतिहास ज्या साधनांवरून लिहिला जातो ती साधने व्यापारी, प्रवासी आणि जकातदार यांची, त्यामुळे असे होणे स्वाभाविकच असे कोणी म्हणेल. मला ते पुरेसे वाटत नाही. स्वाभाविक म्हटले की प्रश्न संपतो, आणि येथे तो संपलेला नाही. शहादे तालुक्याच्या मातीतले कवी वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेचा विषय नेमका हाच : बोलणारे वर, आणि ज्यांच्याविषयी बोलले जाते ते खाली. १९८७ साली त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह आला, तेव्हा समीक्षेने तो आदिवासी जाणिवेची नोंद म्हणून वाचला. ती इतिहासलेखनाच्या पद्धतीवरची टीका म्हणूनही वाचता येते.

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत या दगडाचे उपयोग पालटले. १८८० साली झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी स्फटिकावर दाब दिला असता त्यात विद्युत्भार निर्माण होतो हे दाखवले. १९६९ च्या नाताळात जपानमध्ये स्फटिकाच्या स्पंदनांवर चालणारे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आले. सेकंदाला ३२,७६८ स्पंदने, हा तेव्हापासून रुळत गेलेला हिशेब आज आपल्यापैकी बहुतेकांच्या मनगटावर आहे. पण घड्याळातला स्फटिक प्रयोगशाळेत वाढवलेला असतो. डोंगरातल्या गारेचे काम याहून ढोबळ : ती दळायची आणि काच, चिनी मातीची भांडी, ओतकाम यांच्या कारखान्यांना पुरवायची.

मण्याला पैलू पाडतानाही धूळ उडतेच. खंबायत आणि तिच्याजवळच्या शकरपूर येथील अकीक कारागिरांच्या फुप्फुसांची तपासणी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केली आणि सिलिकोसिस हा रोग त्यांच्यात असल्याचे दाखवून दिले. सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे आत जाते. कठीण असल्यामुळे ती शरीरात जिरत नाही, फुप्फुसाला तिच्याभोवती व्रण पडतात, श्वास आखूड होत जातो. या रोगाला औषध नाही. कित्येकदा त्याला क्षय समजून क्षयाची औषधे दिली जातात.

गार दळण्याच्या कारखान्यांत ही धूळ कैक पटींनी अधिक. असे कारखाने गुजरातेत गोध्रा परिसरात होते आणि तेथे मजुरीला जात ते मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर आणि धार जिल्ह्यांतले भिल्ल-भिलाला आदिवासी. अलिराजपूर म्हणजे नंदुरबारच्या धडगाव तालुक्यासमोरचा नर्मदेचा पलीकडचा काठ. पाऊस कमी झाला, शेतीवर भागेना, म्हणून काही महिन्यांसाठी गेलेली तरुण माणसे परत आली ती धाप घेऊनच, आणि घराघरांतून एकापेक्षा अधिक मृत्यू झाले. २०१० साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत, अशी शिफारस गुजरात शासनाला केली. ती रक्कम देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला, तो ४ मे २०१६ रोजी. खाणीत उतरणाऱ्याचे नाव कॉपलंडच्या पत्रात नाही. या २३८ जणांची नावे मात्र वारसांसह शासकीय यादीत आहेत.